अकरा इंच पाणी

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये यू-ट्यूब मॅनोमीटरचं प्रॅक्टिकल होतं. ते मी केलं नाही. म्हणजे जर्नलमध्ये आहे, रीडिंगही आहेत, पण ती सगळी रूम पार्टनरच्या वहीतली. लॅबमधले मामा (असिस्टंटना आमच्या वेळी सगळे मामाच म्हणायचे) एकदा म्हणाले होते, "अरे, पाणी कसं चढतं ते बघून तरी जा." नाही बघितलं. ओरलला निभावलं, विषयही सुटला.

पुढे नोकरीसाठी अमेरिकेत आलो. २०१९ मध्ये कोलोरॅडोत एक जुना कॅम्पिंग ट्रेलर घेतला. गाडीमागे ओढत न्यायची चाकावरची खोलीच म्हणा ना! आत दोन बर्नरची शेगडी, बाहेर दांड्यावर प्रोपेनची टाकी. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. पण ब्युटेन शून्य अंशाच्या खाली गेलं की द्रवच राहतं. प्रोपेन उणे ४२ पर्यंत उकळतं. तिथल्या डोंगरात मे महिन्यातसुद्धा रात्री पाणी गोठतं, म्हणून प्रोपेन.

टाकीवरचा रेग्युलेटर गंजला होता. दुकानात दोन दिसले. एक करड्या रंगाचा, बोजड, महाग. दुसरा लाल, फिरवायच्या बटणाचा, ० ते २० पीएसआय, निम्म्या किमतीत. हॉस्टेलचा संस्कार असा की बसतंय म्हणजे चालतंय. लाल घेतला. आटे बरोब्बर बसले.

काडी लावली आणि ज्योत फसकन् छताच्या दिशेने गेली. पडद्याची कड करपली. शेगडीचा खटका गरम झाल्यानं हात लावता येईना. माझी सहा वर्षांची मुलगी दोन हातांवर उभी होती. बायकोनं तिला बाहेर ओढलं आणि धावत जाऊन टाकीच बंद केली. मी मात्र तिथेच उभा, काडीची पेटी हातात घेऊन. त्या संध्याकाळी माझ्याशी कोणी बोललं नाही, आणि बरोबरच होतं.

रात्री किराण्याच्या बिलामागे हिशेब मांडला. ट्रेलरच्या शेगडीला लागतो अकरा इंच पाण्याइतका दाब, म्हणजे साधारण ०.४ पीएसआय. लाल रेग्युलेटर देऊ शकतो २०. भागाकार केला, पन्नास पट! तो असतो अंगणातल्या मोठ्या भट्टीसाठी. आणि गंमत बघा, आपल्या घरचा रेग्युलेटर ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतो, म्हणजे ३० सेंटिमीटर पाणी, जेमतेम बारा इंच. आईच्या ओट्याखाली जे उत्तर होतं, ते मी दुकानात शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं करडा आणला. तो दोन टप्प्यांचा असतो. टाकीतला दाब हवेप्रमाणे बदलतो: उणे १८ अंशांना जेमतेम २५ पीएसआय, तर ३८ अंशांच्या उन्हात १७० च्या वर. पहिला टप्पा हा चढउतार दहाएक पीएसआयवर आणतो, दुसरा तिथून अकरा इंचांवर. टाकी उन्हात असो की बर्फात, ज्योत तीच. एकच काळजी: पडद्याशेजारचं श्वासाचं भोक खाली तोंड करून हवं, नाहीतर पाणी शिरून गोठतं. (हा पडदा रेग्युलेटरच्या पोटातला, रबराचा. खिडकीतला गेलाच होता.)

पण आता छापलेल्या आकड्यावर विश्वास बसेना. पारदर्शक नळी आणली, फळीवर यू आकारात चिकटवली, शेजारी मोजपट्टी, आत पाणी. रंगाला काही मिळेना म्हणून बायकोच्या डबीतलं चिमूटभर कुंकू टाकलं. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे नाहीत ना ते पाहिलं. एका बर्नरची टोपी काढून नळीचं टोक जेटवर घट्ट बसवलं, दुसरा बर्नर पेटवला आणि पहिल्याचा खटका हळूच उघडला.

एका बाजूनं पाणी साडेपाच इंच खाली गेलं, दुसऱ्या बाजूनं साडेपाच इंच वर. फरक अकरा. पेटलेला बर्नर बंद केल्यावर थोडं वर सरकून थांबलं. तेवढं सरकणारच, फक्त चौदाच्या पुढे जाता कामा नये. मुलीनं विचारलं, "बाबा, हे आधी कधी केलं होतं?" मी म्हटलं, "जर्नलमध्ये."

मग चहा झाला. ज्योत निळी, बोटभर. बायको पहिल्यांदा शेगडीजवळ आली, पण हात खटक्यावरच ठेवून.

ती फळी अजून ट्रेलरमध्येच आहे. मोसमाची पहिली ट्रिप तिच्याशिवाय सुरू होत नाही. कुंकू मात्र विरघळत नाही, तळाशी बसतं. दरवेळी नळी हलवून घ्यावी लागते. ते काम मुलगी करते.