राजपुत्राची उंची

'प्रिन्स ऑफ पर्शिया'मधला राजपुत्र धावत येतो आणि दरीवरून उडी घेतो. पांढरे कपडे, अनवाणी पाय, हवेत लांबलेलं अंग. पलीकडच्या कडेला बोटं अडकतात, शरीर लोंबकळतं, मग हातांवर सगळा भार घेत तो स्वतःला वर ओढतो. या उडीचा व्हिडिओ कुठेही दिसला की माझी नजर आधी एकाच गोष्टीवर जाते. याची उंची बरोबर आहे का?

बहुतेकदा ती बरोबर नसते. राजपुत्र बुटका, थोडा स्थूल झालेला असतो. तुरुंगाच्या कमानी दबलेल्या असतात, मशालींच्या ज्योती खुजट. हा खेळ माहीत नसलेल्याला त्यात काही खटकणार नाही. मला खटकतं, कारण रहाटणीत एका संगणक क्लासच्या डबा मॉनिटरवर मी त्याला ताठ, सडपातळ पाहिलेलं आहे.

तेव्हाची रहाटणी सांगायची तर अर्धी शेतं आणि अर्धी भाड्याच्या खोल्यांची रांग. दहा बाय दहाची खोली, वर पत्रे, दारात सायकल. पिंपरी, भोसरी आणि पुढे चाकणच्या कारखान्यांत राबणारी माणसं तीन शिफ्टमध्ये वाटून या खोल्यांत राहत. म्हणजे कुठल्याही वेळी गल्लीत कुणीतरी झोपलेलं असे आणि आम्हा मुलांना आवाज न करता खेळावं लागे. क्लासमधला संगणक त्याला सोयीचा होता. सर शिकवून झाले की अर्धा तास आमचा. फ्लॉपीवरून 'डेव्ह' यायचा, 'प्रिन्स' यायचा. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने हा खेळ 1989 मध्ये अ‍ॅपल टूसाठी केला, पुढच्या वर्षी तो डॉसवर आला. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला बरीच वर्षं झाली होती, पण आमच्यासाठी तो त्याच संध्याकाळी जन्मला होता.

त्या पडद्याचं गणित असं होतं. व्हीजीए कार्डाच्या 256 रंगांच्या पद्धतीत चित्र आडवं 320 आणि उभं 200 ठिपक्यांचं असे. एका ठिपक्याला एक बाइट, एकूण 64,000. त्या काळचा प्रोसेसर मेमरी 64 किलोबाइटच्या कप्प्यांतून हाताळी आणि हे चित्र अशा एका कप्प्यात नेमकं मावे. 320 बाय 240 ठिपके घेतले असते तर ते चौरस झाले असते, पण 76,800 बाइट त्या कप्प्यात बसत नाहीत. मॉनिटरची काच मात्र चारास तीन या प्रमाणाची. म्हणून 200 ओळी काचेच्या पूर्ण उंचीवर पसरत आणि प्रत्येक ठिपका उभट होई, रुंदी पाच तर उंची सहा.

आजच्या पडद्यांचे ठिपके चौरस आहेत. जुने खेळ चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये उंची सुधारण्याची सोय आहे, पण वर्षानुवर्षं वापरात असलेल्या 0.74 आवृत्तीत ती मुळात बंद असते. शिवाय त्यातून केलेलं रेकॉर्डिंग 320 बाय 200 चंच निघतं. ते तसंच चढवलं की सहा फुटी माणूस पाच फुटांचा होतो. नोव्हेंबर 2008 मध्ये यूट्यूबचा पडदा सोळास नऊ झाला. त्यानंतर तो पडदा काठोकाठ भरायचा म्हणून लोक चित्र आणखी आडवं ओढू लागले.

मला हे सहन का होत नाही, त्याचं उत्तर त्या उडीतच आहे. 1985 मध्ये मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून वाहनतळावर पळायला आणि उड्या मारायला लावलं आणि ते व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलं. मग टीव्हीवर ती टेप थांबवत थांबवत एकेका क्षणाचे फोटो काढले, फोटोंवरून आकृत्या गिरवल्या आणि त्या संगणकात उतरवल्या. म्हणजे त्या मूठभर ठिपक्यांच्या आत एक खरा मुलगा आहे. त्याच्या पायांची लांबी, उडी घेताना होणारा खांद्यांचा झोका, खाली पडल्यावर गुडघ्यांत मुरणारा धक्का, सगळं त्याचं आहे. राजपुत्राला दाबलं की मला तो मुलगा दाबल्यासारखा वाटतो.

ही दृष्टी मला बाबांकडून मिळाली असावी. ते भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये तपासणीला होते. गोल जॉब हातात आला की ते आधी त्याची ओव्हॅलिटी बघत: एका बाजूने व्यास मोजायचा, मग जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने, आणि दोन आकड्यांतला फरक ड्रॉइंगमधल्या मर्यादेत आहे का ते पाहायचं. घरी पहिला संगणक आला तेव्हा मी पडद्यावर वर्तुळ काढून बाबांना दाखवलं. त्यांनी काही न बोलता व्हर्निअर आणला आणि काचेवर आडवं, मग उभं माप घेतलं. नंतर मॉनिटरखालची बटणं दाबत दोन्ही आकडे जुळेपर्यंत चित्राची उंची कमी-जास्त करत राहिले. त्या मॉनिटरांवर चित्राची रुंदी आणि उंची वेगवेगळी बदलता येत असे. जिथे तिथे ज्याने त्याने आपापल्या समजुतीने ती लावलेली.

म्हणजे चारास तीन हेसुद्धा घरोघरी थोडं वेगळं होतं, आणि इथेच प्रश्न अवघड होतो. पुढे कार्यालयांतून आणि क्लासांतून सतरा इंची सपाट मॉनिटर आले, 1280 बाय 1024 चे, म्हणजे पाचास चार. त्यांवर तेच खेळ आणखी उभट दिसत. माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान असलेल्यांच्या आठवणीतला राजपुत्र तसा आहे. शिवाय चित्रकारांपैकी काहींनी ठिपका चौरस धरूनच रेखाटलं. त्यांच्या खेळातला चंद्र चारास तीनमध्ये अंड्यासारखा दिसतो. कधी एकाच खेळात नकाशा एका हिशेबाने आणि माणसं दुसऱ्या हिशेबाने काढलेली सापडतात. मग कुठला आकार खरा? मी काच निवडतो. चित्रकाराच्या मनात काय होतं याचा अंदाजच करावा लागतो. पण घडवणारा आणि खेळणारा दोघेही चारास तीनच्या काचेसमोर बसले होते, हे पक्कं आहे. अंडाकृती चंद्र दिसत असेल, तर तेव्हाच्या मुलांनीही तो अंडाकृतीच पाहिला.

हाच प्रकार सिनेमातही चालतो. 1936 चा प्रभातचा 'संत तुकाराम' जवळजवळ चौकोनी चौकटीतला. देहू आमच्यापासून फार लांब नाही आणि आमच्या घरी हा चित्रपट श्रद्धेने पाहिला जातो. एकदा तो आडवा ताणलेला लागला. विष्णुपंत पागनिसांचा कृश चेहरा गालांनी भरलेला, खातापिता दिसत होता. आईने टीव्ही बंद करायला सांगितलं.

म्हणून जुन्या खेळांचे जे व्हिडिओ मी बनवतो, त्यांत दोन्ही बाजूंना काळी जागा असते, आणि ती काळीच असते. तिथे त्याच चित्राची धूसर, मोठी प्रत हलत ठेवायची पद्धत आहे, ती मला मुळीच आवडत नाही. अंधाऱ्या तुरुंगात चाललेल्या माणसाच्या दोन्ही अंगांना सतत काहीतरी लुकलुकत राहतं आणि पुढच्या दालनाची भीती पातळ होते. माझा भाचा मोबाइलवर बघताना दोन बोटांनी चित्र पसरवतो, पडदा भरतो, आणि वरची-खालची ओळ कापली जाते. त्या खेळात एका दालनाला तीन मजले आहेत. वरून कोसळणारी फरशी आणि खालचे सुळे न पाहता तो खेळ कळायचा कसा?

कामाची रीत मात्र सुंदर आहे. 320 ला पाचाने गुणायचं आणि 200 ला सहाने, 1600 बाय 1200 मिळतात, म्हणजे नेमकं चारास तीन. एकही ठिपका दुसऱ्याहून मोठा किंवा लहान होत नाही. थेट 1440 ओळींवर नेलं तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला 7.2 ओळी येतात. मग काही ओळी सातच्या, काही आठच्या, आणि चित्र वर-खाली सरकताना विटांच्या भिंती थरथरतात. म्हणून आधी 1600 बाय 1200, आणि मग तिथून हलक्या हाताने 1920 बाय 1440.

मूळ रेकॉर्डिंग मी 320 बाय 200 मध्येच ठेवतो आणि ठिपक्याचं पाचास सहा हे प्रमाण फाइलमध्ये वेगळं नोंदवतो. ज्यांच्याकडे जुन्या खेळांची अशी रेकॉर्डिंग असतील त्यांनीही तीच ठेवावीत. एकदा ताणून साठवलेल्या चित्रातून मूळ ठिपके परत काढणं जिकिरीचं. सध्या 'प्रिन्स'चे बाराही टप्पे या रीतीने पुरे करतो आहे. त्यानंतर 1997 चा 'क्लॉ' घेणार. तो 640 बाय 480 चा आहे, ठिपके मुळातच चौरस, तेव्हा तिथे फक्त खेळायचंच काम उरेल.