जबाब

दिवाळीला इंदूरला आलेल्या आमच्या चिरंजीवांनी एका रात्री 'फॉलोइंग' नावाचा इंग्रजी चित्रपट आम्हांस दाखविला. "बाबा, जेमतेम सत्तर मिनिटांचा आहे, झोपू नका," अशी सूचनाही दिली. ख्रिस्तोफर नोलन यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, १९९८ सालचा, कृष्णधवल. २०२४ मध्ये 'ओपनहायमर'च्या दिग्दर्शनासाठी ज्यांना ऑस्कर मिळाले, त्यांनी आरंभी सुमारे ६,००० डॉलरमध्ये हा केला. नट आणि सहकारी नोकरदार, म्हणून चित्रण शनिवारी, तेही जवळजवळ वर्षभर. फिल्म महाग, म्हणून आधी कसून तालमी आणि मग एक-दोन प्रयत्नांतच दृश्य पुरे. कॅमेरा चालविणारे दिग्दर्शकच. शासकीय सेवेत काटकसर आम्हीही पुष्कळ पाहिली. तिच्यातून काही निर्माण झालेले मात्र क्वचितच पाहिले.

कथा लंडनची. लेखक होऊ पाहणारा एक बेकार तरुण अनोळखी माणसांचा उगाच पाठलाग करतो. कॉब नावाचा चोर त्याला हेरतो आणि परक्या घरांत शिरावयास शिकवितो. तरुणास वाटते, आपण इतरांची आयुष्ये वाचीत आहोत. प्रत्यक्षात त्याचेच आयुष्य दुसरा कोणी लिहीत असतो. ही हकिगत तो एका पोलीस अधिकाऱ्यास सांगतो. सांगतो ते खरे असते. परंतु एका स्त्रीच्या खुनाचा सारा पुरावा त्याच्याचकडे बोट दाखवितो. कॉब गर्दीत नाहीसा होतो.

घटनाक्रम उलटसुलट का ठेवला आहे, हे चिरंजीव समजावू लागले. आमचे लक्ष नव्हते. आमच्या डोळ्यांसमोर टेबलापलीकडचा तो अधिकारी होता. त्या खुर्चीवर आम्हीही बसलो आहोत.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका भांडारपालाची विभागीय चौकशी आमच्याकडे आली. साठ्यात तूट होती, पावत्यांवर त्याच्या सह्या होत्या. त्याचे म्हणणे एकच : सह्या माझ्या, पण कागद माझ्यापुढे दुसऱ्याने ठेवले. ज्यांचे नाव त्याने घेतले ते गृहस्थ बदलून गेलेले, आणि त्यांच्याविरुद्ध एकही कागद नाही. आम्ही आरोप सिद्ध झाल्याचा निष्कर्ष लिहिला. त्याच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. वरिष्ठांनी आमच्या अहवालाची प्रशंसा केली.

आज वाटते, ती नस्ती अंमळ जास्तच निर्दोष होती. खऱ्या व्यवहारात एखादी तारीख चुकते, एखादी पावती गहाळ होते. येथे प्रत्येक कागद जागच्या जागी होता, जणू कोणी आमच्यासाठीच लावून ठेवला असावा. तो मनुष्य निरपराध होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या बदलून गेलेल्या गृहस्थांना साक्षीस बोलाविणे आमच्या अधिकारात होते. दोन ओळींचे पत्र पुरले असते. ते आम्ही लिहिले नाही.

चित्रपटातील अधिकाऱ्याने त्या तरुणाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून तरी घेतले. भांडारपाल जबाब देत असता आम्ही दोनदा घड्याळाकडे पाहिले होते, हे आम्हांस स्वच्छ आठवते.