हात धुतले का, डॉक्टर?

चेकलिस्ट म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. रिलीजच्या रात्री ती एक्सेल शीट भरायची म्हणजे निव्वळ कारकुनी! तर मंडळी, आज एक गोष्ट सांगतो, जिच्यात सॉफ्टवेअर अजिबात नाही.

आयसीयूतल्या पेशंटच्या मानेत किंवा छातीवर एक नळी घातलेली तुम्ही पाहिली असेल. तिला म्हणतात सेंट्रल लाइन. हातातल्या सलाइनची सुई छोट्या शिरेत असते. हिचं टोक पार आत, मोठ्या शिरेत. रक्तदाब सावरणारी जहाल औषधं द्यायला ती लागतेच. पण त्वचेवरचे जंतू तिच्या आधाराने आत शिरले की थेट रक्तात! म्हणजे पेशंट आला न्यूमोनियासाठी आणि दगावला आपणच घातलेल्या नळीमुळे. आणि हे 'चालायचंच' म्हणून बरीच वर्षं चालू होतं.

२००१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. साबणाने हात धुवा, पेशंटची त्वचा क्लोरहेक्झिडीनने पुसा, त्याला निर्जंतुक चादरींनी पूर्ण झाका, स्वतः टोपी-मास्क-गाऊन-ग्लोव्ह्ज घाला, शेवटी निर्जंतुक ड्रेसिंग लावा. बस्स. यात नवीन काय? काहीच नाही. पण नर्सेसना महिनाभर नुसतं बघायला सांगितलं, तर एक तृतीयांशाहून जास्त पेशंटच्या वेळी एखादी तरी पायरी गाळलेली!

आता इथे दोन गोष्टी झाल्या, ज्या मला त्या कागदापेक्षा भारी वाटतात. लागणारं सामान युनिटमध्ये ठिकठिकाणी विखुरलेलं असायचं, ते सगळं एका ढकलगाडीवर आणलं. (अर्ध्या रात्री चादर शोधत कोण फिरणार? माणूस आळशी नसतो हो, सिस्टिम त्याला आळशी बनवते.) आणि दुसरी, नर्सला अधिकार दिला. पायरी चुकली की तिने डॉक्टरला थांबवायचं, आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी.

हे मी माझ्या मावशीला सांगितलं. तिची सगळी नोकरी नर्स म्हणून वॉर्डात गेली. ती खो खो हसत सुटली. "अरे, मोठ्या सरांना मी 'हात धुवा' म्हटलं असतं ना, तर दुसऱ्या दिवसापासून माझी नाइट लागली असती!" मग जरा गप्प राहून म्हणाली, "दिसायचं रे सगळं. कोणी काय गाळलं ते आम्हाला दिसायचंच."

त्या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही.

पुढे २००३ पासून हाच प्रयोग मिशिगन राज्यात झाला. यादीत थोडा बदल झाला: जांघेतून लाइन टाकणं टाळा, आणि गरज संपली की नळी काढा. (न लागणारा पोर्ट उघडा ठेवू नये, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) १०३ आयसीयूंचे आकडे डिसेंबर २००६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होते, ते दीड वर्षात १.४ वर आले. ना नवीन औषध, ना महागडं मशीन.

अर्थात कागद चिकटवला की जादू होते, असंही नाही. इंग्लंडने २००९ ते २०११ मध्ये 'मॅचिंग मिशिगन' नावाने हेच केलं. संसर्ग घटले, पण ज्या युनिट्समध्ये कार्यक्रम अजून पोचलाच नव्हता तिथेही ते घटत होते. त्यामुळे श्रेय नक्की कशाला द्यायचं, यावर बराच खल झाला. माझं मत विचाराल तर कागद हा सगळ्यात सोपा भाग. अवघड आहे ते मावशीला बोलू देणं.

येत्या गुरुवारी आमचा रिलीज आहे. शीटमध्ये एक रकाना वाढवलाय: 'थांबा म्हणण्याचा अधिकार कोणाला'. टेस्टिंगमधल्या सगळ्यात ज्युनियर मुलीचं नाव टाकलंय. मॅनेजरची सही अजून व्हायची आहे.