वॉशिंग्टन यांचे मृत्युपत्र

चेरीचे झाड तोडणाऱ्या लहानग्या जॉर्जची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकली असेल. प्रवचनकारांनाही ती प्रिय आहे. कुऱ्हाड हाती असलेला मुलगा वडिलांपुढे खरे बोलतो आणि वडील त्याला पोटाशी धरतात. सत्यावर बोलायचे असले की दृष्टान्त तयार! परंतु असे काही घडल्याचा पुरावा नाही. वीम्स नावाच्या एका पाळकाने वॉशिंग्टन यांचे चरित्र लिहिले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १८०६ च्या आवृत्तीत, ही कथा त्यात घातली. त्याच बालपणातील एक खरी हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगते. १७४३ साली वडील वारले, तेव्हा अकरा वर्षांच्या जॉर्जच्या वाट्याला जमिनीबरोबर दहा गुलाम आले.

या पुरुषाच्या थोरवीविषयी आमच्या मनात शंका नाही. इंग्रज राजसत्तेविरुद्ध उठणे म्हणजे काय, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. मे १९३० मध्ये या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. वॉशिंग्टन हरले असते, तर त्यांचीही बहुधा हीच गत झाली असती. ते जिंकले. (१७८१ साली यॉर्कटाउन येथे त्यांना शरण आलेल्या सैन्याचा सेनापती कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत मराठ्यांच्या फौजा त्याच्याच बाजूने लढल्या. इतिहासाला विनोदबुद्धी असावी!)

विजयानंतर त्यांनी केले ते अधिक दुर्मिळ. २३ डिसेंबर १७८३ रोजी सरसेनापतिपदाचा राजीनामा देऊन ते आपल्या शेतीवाडीवर परतले. पुढे १७८९ पासून १७९७ पर्यंत आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिले आणि तिसऱ्यांदा उभे राहण्यास त्यांनी नकार दिला. धर्मग्राम समितीचे अध्यक्षपददेखील सुखासुखी सुटत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या त्यागाची किंमत कळेल.

आम्हां कॅथलिकांवर तर त्यांचे ऋण आहे. पोपमहाशयांचा पुतळा जाळण्याचा वार्षिक तमाशा तेव्हा तेथे प्रचलित होता. नोव्हेंबर १७७५ मध्ये वॉशिंग्टन यांनी आपल्या सैन्याला त्याची मनाई केली. १७९० साली जॉन कॅरल आणि इतर कॅथलिकांच्या अभिनंदनपत्राला उत्तर देताना, स्वातंत्र्यलढ्यातील कॅथलिकांचा वाटा देश विसरणार नाही, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. हे कॅरल अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप होत.

येथवर सारे उजेडाचे आहे. परंतु राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन फिलाडेल्फियात राहत, आणि पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार परराज्यातून आणलेला गुलाम तेथे सलग सहा महिने राहिला, तर तो मुक्त होण्यास पात्र ठरे. म्हणून सहा महिने भरण्याआधी घरातील गुलामांना काही निमित्ताने राज्याबाहेर धाडून परत आणले जाई, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून! हे गुपचूप व्हावे, अशी वॉशिंग्टन यांनी आपल्या चिटणीसाला लेखी सूचना दिली होती. रणांगणावर ज्याने साम्राज्याला नमवले, तो मनुष्य आपल्या स्वयंपाकघरातील माणसांचे दिवस मोजत बसला. आम्हांला हे दृश्य त्या साऱ्या लढायांपेक्षा अधिक अस्वस्थ करते.

ओना जज ही श्रीमती मार्था वॉशिंग्टन यांची दासी. नातीच्या लग्नानिमित्त आपल्याला देऊन टाकणार आहेत, हे तिला कळले. मे १७९६ मध्ये एके दिवशी कुटुंब जेवायला बसले असता ती घराबाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोहोचली. तिला परत आणण्याचे प्रयत्न वॉशिंग्टन यांनी अखेरपर्यंत सोडले नाहीत.

जुलै १७९९ मध्ये, मृत्यूच्या पाच महिने आधी, त्यांनी मृत्युपत्र लिहिले. माउंट व्हर्नन येथे तेव्हा तीनशेहून अधिक गुलाम होते. त्यांपैकी स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना, पत्नीच्या निधनानंतर, मुक्त करावे असे त्यांनी नमूद केले. उरलेल्यांपैकी बहुतेक जण मार्थाबाईंच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतील. त्यांना मोकळे करण्याचा अधिकार वॉशिंग्टन यांना नव्हता. मार्थाबाईंनी स्वतःच्या मृत्यूची वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजी त्या १२३ जणांना सोडले. आपल्या मरणावर इतक्यांची सुटका अवलंबून असताना त्यांना घरात निर्धास्त वाटत नव्हते, अशी नोंद आहे. मृत्युपत्र खरे, औदार्यही खरे. पण ते औदार्य मालकाची सोय संपल्यावर अमलात येणारे होते.

त्यांच्याकडे बोट दाखवताना आम्ही आमच्या घराकडेही पाहतो. कॅरल यांनी स्थापलेल्या जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी मेरीलँडच्या येशूसंघीयांनी १८३८ साली २७२ स्त्रीपुरुष व मुले विकण्याचा करार केला. त्यांपैकी अनेक जण बाप्तिस्मा घेतलेले होते. जाहीर क्षमायाचना झाली ती २०१७ साली.

आपल्या महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी तरुणपणी शिवरायांबरोबर वॉशिंग्टन यांचेही चरित्र वाचले होते, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अर्पण केला, तो मात्र वॉशिंग्टन यांना नव्हे, तर गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्याआधीच, १८६८ साली, जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. हयातीत, आपल्याच दारात.

नगर-सोलापूरकडील आपल्या पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. पाण्याची गोष्ट त्यांना पुस्तकातून शिकावी लागत नाही. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध आजींची आई विहिरीपासून दूर उभी राहून, कोणी घागरीत पाणी ओतील का, याची वाट पाहत असे. या आजींना आम्ही हे सारे एकदा सांगितले. राष्ट्राध्यक्ष, मृत्युपत्र यांत त्यांना फारसे स्वारस्य दिसले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “ती पोरगी घावली का हो, फादर?”

आम्ही म्हटले, नाही सापडली. १८४८ पर्यंत जगली. गरिबीत राहिली, नवरा गेला, मुले गेली. वाचायला शिकली. पळून येऊन कष्टच वाट्याला आले, त्याचे दुःख होते का, असे म्हातारपणी कोणी विचारले, तेव्हा तिने नाही म्हणून सांगितले. आपण मोकळ्या आहोत आणि त्यामुळेच देवाचे लेकरू झालो, असा तिचा विश्वास होता.

“बरं झालं,” आजी म्हणाल्या, आणि त्यांनी जपमाळ हाती घेतली.