लपवलेले नाव

आमच्या सौभाग्यवतींना जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा आम्ही तो वयाचा दोष मानला. दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब तर अगदी यथास्थित होता. पुढे पावलांवर सूज आली, इकोची तपासणी झाली, जांघेतून नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब मोजला गेला आणि निदान ठरले : पल्मनरी आर्टिरिअल हायपरटेन्शन. हृदयाकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद होतात, त्यांतील दाब वाढतो आणि तो सोसता सोसता हृदयाची उजवी बाजू थकत जाते. दंडावरच्या यंत्राला हा दाब दिसत नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले : सिल्डेनाफिल, २० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा.

दुकानातील तरुणाने ते नाव वाचले, आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि तो ओठांतल्या ओठांत हसला. त्याचे कारण आम्हांला नंतर उमगले. हृदयशूळासाठी ज्याचा अभ्यास सुरू झाला, ते हे द्रव्य १९९८ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या दुर्बलतेवरील औषध म्हणून मान्य झाले आणि जगभर गाजले. रक्तवाहिन्या सैल करण्याचा त्याचा गुण फुफ्फुसांतील धमन्यांनाही उपकारक ठरतो, म्हणून २००५ मध्ये तेथेच ते या विकारावरही मान्य झाले. वर्षानुवर्षे वर्गात श्लेष शिकवणाऱ्या आम्हांला एका नावाचे हे दोन अर्थ कळत होते, पण वळत नव्हते.

आम्ही लाजलो. इंदुरातल्या दूरच्या मोहल्ल्यातून गोळ्या आणू लागलो. वेष्टन फाडून त्या एका जुन्या डबीत भरू लागलो आणि कुणी विचारलेच तर ‘दम्याचे औषध’ म्हणून सांगू लागलो. सौभाग्यवतींनी विरोध केला नाही. आमच्या अब्रूची काळजी त्यांनी स्वतःच्या श्वासाहून अधिक वाहिली.

गणपतीच्या दिवसांत त्यांचे वडील बंधू सहकुटुंब आले होते. आरतीला बराच वेळ उभे राहिल्याने सौभाग्यवतींच्या छातीत दाटून आले. दादा स्वतः हृदयविकाराचे जुने रुग्ण. सॉर्बिट्रेटची गोळी त्यांच्या खिशात सदैव असते. मायेपोटी ती त्यांनी झटकन काढली. “बोलू नकोस, ही आधी जिभेखाली धर.” बहिणीचा हात पुढे झालाही होता.

“दादा, नको! ती गोळी देऊ नका!” आम्ही ओरडलो. सारे घर आमच्याकडे पाहू लागले आणि सुना-नातवंडांसमोर ते नाव आम्हांला मोठ्याने उच्चारावे लागले. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट वर्गातले औषध. सिल्डेनाफिल घेणाऱ्याला ते दिले, तर रक्तदाब एकाएकी प्राणावर बेतण्याइतका कोसळू शकतो. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी बजावले होते. आम्ही ते स्वतःपाशीच ठेवले होते. आम्ही त्या वेळी प्रसादाचे पेढे आणायला बाहेर गेलो असतो तर?

रुग्णालयात पोहोचताच पहिले वाक्य आम्ही त्या औषधाविषयीच बोललो. दोन दिवसांनी सौभाग्यवती घरी परतल्या. दादा एवढेच म्हणाले, “भाऊजी, मला आधी सांगायचे होते. माझ्या हातून काय झाले असते!”

आता स्वयंपाकघरात दिनदर्शिकेखाली एक पुठ्ठा टांगला आहे. औषधाचे नाव, प्रमाण, वेळा आणि ‘नायट्रेट देऊ नये’ ही सूचना त्यावर मराठीत व हिंदीत लिहिली आहे. तसाच कागद सौभाग्यवतींच्या बटव्यात असतो. बरे वाटले तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. एखादी वेळ चुकली, तर आठवताच घ्यायची. पुढची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. डोकेदुखी, चेहऱ्यावर उष्णता, अपचन असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरांच्या कानी घालायचे. पण एकाएकी दिसेनासे वा ऐकू येईनासे झाले, छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर तत्काळ रुग्णालय गाठायचे. बुरशीवरच्या काही औषधांनी रक्तातील सिल्डेनाफिल वाढते; म्हणून दातांच्या डॉक्टरांपासून वैद्यांपर्यंत प्रत्येकाला आधी हा कागद दाखवायचा. या विकारावरच्या इतर गोळ्यांचे नियम निराळे आहेत. बोसेन्टान घेणाऱ्यांचे यकृत दरमहा तपासावे लागते. शिवाय ती गर्भाला घातक असल्याने गर्भधारणा टाळण्याची पक्की तजवीज करावी लागते.

हल्ली गोळ्या आम्ही पुन्हा जवळच्याच दुकानातून, संपण्याच्या आठ दिवस आधी आणतो. परवा त्या तरुणाला आपण होऊन सांगितले, “आमच्या पत्नीच्या फुफ्फुसांसाठी आहे.” तो ओशाळला आणि म्हणाला, “सर, अडचण पडू नये म्हणून दर महिन्याला तुमच्यासाठी काढून ठेवतो.”

एवढे सांगण्यास आम्हांला आठ महिने लागले. वाचकांनी तितका वेळ लावू नये.