मांजराचा डोळा, उंदराची मान

रायगडच्या किनारपट्टीत, रस्त्याकडेच्या पडीक जागी धोतरा आपसूक उगवतो. महाशिवरात्रीला त्याचे काटेरी फळ महादेवाला वाहतात. संस्कृतात ‘कनक’ म्हणजे सोने, तसाच धोतराही. त्याचे बी पोटात गेले की मनुष्य नसलेले धागे हवेतून ओढू लागतो, समोर नसलेल्यांशी बोलतो. आजचा रायगड कुलाबा म्हणून मुंबई इलाख्यात होता, त्या काळी अन्नातून हे बी चारून प्रवाशांना लुटण्याचे प्रकार देशभर घडत. न्यायवैद्यकाच्या जुन्या भारतीय पाठ्यपुस्तकांत त्यासाठी एक परीक्षा दिलेली आढळते: संशयित अर्काचा थेंब मांजराच्या डोळ्यात घालावा; बाहुली विस्फारली तर धोतऱ्यासारख्या विषाचा संशय बळावतो.

परीक्षा सोपी होती आणि तिचा दावाही माफक होता. विष आहे की नाही, एवढेच ती सांगे. मांजराला काय दिसले, हे कोणी विचारले नाही.

पुढे विज्ञानाने तेही विचारले. एलएसडीसारखे द्रव्य दिल्यावर उंदीर मान झपकन झटकतो. हे झटके आणि माणसाला होणारे भास यांचा संबंध असावा, असे कॉर्न आणि पिकरिंग यांनी १९६७ साली मांडले. तेव्हापासून झटके मोजले जातात. मात्र सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य असलेले फाइव्ह-एचटीपी दिले तरी उंदीर मान झटकतो, आणि ते काही भास घडवणारे द्रव्य म्हणून ओळखले जात नाही. धोतऱ्याची विषे तर अ‍ॅसिटिलकोलिनचे कार्य अडवून, निराळ्याच वाटेने बुद्धी भ्रमवतात. खतावणीची बेरीज जुळली म्हणून नोंद खरी ठरत नाही, त्यातलाच हा प्रकार. झटके मोजता येतात. भास उंदराच्या डोक्यातच राहतो. तरीही मेंदूतील कोणत्या ग्राहकावर द्रव्य काम करते, हे या कसोटीने बऱ्यापैकी उलगडले, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

१९६२ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात टस्को नावाच्या हत्तीला २९७ मिलीग्रॅम एलएसडी टोचण्यात आले. काही मिनिटांत तो कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. त्यातून कोणाच्या हाती काय लागले, हे सांगणे कठीण आहे.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून आलेला आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो की, शक्य असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. आणि लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे प्राणी वापरू नयेत. कायद्याने आकार पाहिला. जैन गणनेत मात्र हत्ती आणि उंदीर दोघेही पंचेंद्रिय.

धोतऱ्याचे विष आज रासायनिक पृथक्करणाने ओळखता येते. त्यासाठी मांजराची गरज उरलेली नाही. २०२३ साली नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी आणि संगणकाधारित पर्यायांनाही भारतात वाट मिळाली. परंतु पेशी मान झटकत नाही. त्यामुळे भास घडवणाऱ्या द्रव्यांच्या संशोधनात उंदराचा पिंजरा अजून रिकामा झालेला नाही.