कालव्यापासून बुडितापर्यंत
प्रवासाची दैनंदिनी : बारामती आणि इंदापूर

सोमवार, बारामती

पुण्याहून जेजुरी-मोरगावमार्गे येणारी एसटी मुद्दाम धरली. पाटसवरून चौपदरी रस्ता आहे, वेळही वाचतो. पण त्या रस्त्याने आलेल्या पाहुण्याला बारामती तालुका अर्धाच दिसतो. मोरगावच्या अलीकडे-पलीकडे नुसतं माळरान. कुसळं, बाभळी, मेंढरांचे कळप, मधेच प्लास्टिकच्या कागदाने मढवलेलं एखादं शेततळं. कऱ्हेचं पात्र फाल्गुनातच कोरडं ठक्क. शेजारच्या आजींनी खिडकीबाहेर बोट करून सांगितलं, "ह्यो समदा जिरायत पट्टा, ताई. उसाचं रान म्होरं लागंल." बारामती जवळ आली तसा ऊस लागला, आणि मग दुसरं काही दिसेचना.

हा फरक मातीचा थोडा आणि कालव्याचा फार. १८७६-७७च्या दुष्काळात दक्खन होरपळली, त्यानंतर इंग्रज सरकारने भाटघरचं धरण बांधलं आणि नीरेचा डावा कालवा काढला. १८८५च्या सुमारास पाणी वाहू लागलं. कालव्याखाली ज्याचं रान आलं तो बागायतदार झाला, वर राहिला तो अजून ढगाकडे बघतो. बारामतीबद्दल जे काही बरंवाईट बोललं जातं त्यात हा कालवा सहसा येत नाही. माणसं येतात. माणसांबद्दल बोलायला सोपं असतं.

नवं बसस्थानक २०२४च्या मार्चमध्ये सुरू झालं. ऐसपैस, चकचकीत, छत इतकं उंच की आपला आवाज आपल्यालाच बारीक वाटतो. खेड्यातून आलेली मंडळी गाडीची वाट बघता बघता सेल्फी काढत होती. चीनमधल्या शहरांवर मी याच मालिकेत लिहिलं होतं. हांगझोऊच्या स्थानकात उतरल्यावर वाटलं होतं की कुणीतरी पट्टी घेऊन बसलं असावं आणि रस्ता, झाड, बाक, दिवा सगळं एका बैठकीत आखून टाकलं असावं. महाराष्ट्रात तसं वाटायला लावणारं गाव मला हे एकच भेटलं. आपली बाकीची गावं आधी वाढतात आणि मग आराखडा शोधतात.

संध्याकाळी तीन हत्ती चौकातून कालव्याच्या कडेने चालत गेले. दोन्ही काठ बांधून काढलेले, दिवे, फरसबंदी, व्यायामाची यंत्रं. साडीवर स्पोर्ट्स शूज घालून झपाझपा चालणाऱ्या बायका, त्यांच्यामागे मोबाइलवर अभंग. हांगझोऊला पश्चिम सरोवराच्या काठी याच वेळेला साठीच्या बायका मोठा स्पीकर लावून रांगेत नाचायच्या. कुणी थांबून बघत नसे, कुणी हसत नसे. इथे नाच नाही, पण मोकळेपणा त्याच जातीचा. दहा वाजता लॉजवर परतले तर काउंटरवरच्या काकांनी विचारलंच, "एकट्याच?" चीनमध्ये रात्री अकरा वाजता एकटी हिंडले तेव्हा हा प्रश्न कुणी केला नव्हता. अर्थात तिथे कोपऱ्याकोपऱ्यावरचा कॅमेरा न विचारताच बघत होता. काकांचा प्रश्न बरा की तो कॅमेरा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मंगळवार, बारामती

सकाळी एमआयडीसी. पियाजिओची तीनचाकी इथे तयार होते, फेरेरोची चॉकलेटं इथे, डेअरी इथे, कपड्यांचं टेक्स्टाइल पार्क इथे. पाळी सुटताना टेक्स्टाइल पार्काच्या फाटकातून बायकांचा लोंढा बाहेर पडतो. बहुतेकींच्या खांद्याला डबा आणि डोक्याला स्कार्फ. एकीने सांगितलं, "शिलाई येतच होती. पर घरात बसून शिवलं तर कोण पैसं देतंय?"

चीनमधल्या शेंझेनच्या संग्रहालयात जुने फोटो लावलेत : भातखाचरं, बैल, मातीचे रस्ते. १९८०मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झालं आणि एका पिढीत त्या खाचरांवर महानगर उभं राहिलं. २०१७पर्यंत त्या शहराच्या सगळ्या सिटी बस विजेवर आल्या. बारामतीची झेप त्या मापाची अर्थातच नाही. पण घडण्याची तऱ्हा ओळखीची आहे. शरद पवार १९६७ साली इथून पहिल्यांदा आमदार झाले. अप्पासाहेब पवारांचा कृषी विकास ट्रस्ट, विद्या प्रतिष्ठान या संस्था सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या. दुष्काळ, पाझर तलाव, शिक्षण, कारखाने असा क्रम लावला गेला आणि त्यात खंड पडू दिला नाही. खंड न पडणं हीच खरी भांडवली गुंतवणूक. बाकीच्या तालुक्यांना दर पाच वर्षांनी नवा भूमिपूजनाचा दगड मिळतो.

कृषी विज्ञान केंद्रात ऊस बघितला. रानात संवेदक पुरलेले, वर हवामान केंद्र, उपग्रहाची चित्रं आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप : आज पाणी किती द्यायचं, खत कोणतं. कृत्रिम बुद्धिमत्तेचा ऊस म्हणून याची देशभर चर्चा झाली, मायक्रोसॉफ्टने डोक्यावर घेतला. पाणी वाचतं हे खरं आणि चांगलंच. पण काल एसटीतून पाहिलेला माळ डोळ्यांपुढून जात नव्हता. उसाला कमी पाणी कसं द्यावं यावर इतकी बुद्धी खर्चायची, आणि ते वाचलेलं पाणी वरच्या अंगाला कधी पोचणार हा प्रश्न मात्र कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.

भिगवण चौकाजवळ चहा. चहावाल्याच्या डब्यावर ती बोलकी पेटी, दहा रुपये आले की खणखणीत आवाजात जाहीर करणारी. हांगझोऊच्या भाजीवालीकडेही असाच डबा होता. तिथे फोनची बॅटरी संपली की माणूस रस्त्यावर आला म्हणून समजा. एकदा मला नोट देऊन केळी मागावी लागली, तेव्हा त्या बाईने सुट्ट्यासाठी चार दुकानं पालथी घातली होती. बारामतीत निदान नोट अजून चालते.

राजकारण काढलं की चीनमध्ये समोरचा माणूस हवापाण्यावर येतो. बारामतीत हवापाण्यावर येत नाहीत, पण आवाज खाली जातो. 'साहेब' (शरद पवार) आणि 'दादा' (अजित पवार) या दोन शब्दांच्या मधे बसून चहा प्यायचा म्हणजे कसरत होती. "दोन्हीबी आपलीच," एवढं म्हणून चौघांपैकी तिघं गप्प. चौथा बशीत चहा ओतत म्हणाला, "बोलायचं कशाला? बटन हाय की." बटणाचा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४च्या मे महिन्यात लोकसभेला इथल्या लोकांनी सुप्रिया सुळे यांना निवडलं आणि नोव्हेंबरात विधानसभेला अजित पवारांना. एकाच घरातले दोन तट, एकाच वर्षात दोघांनाही मतं देऊन लोक मोकळे झाले. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग पुलकेशीच्या मुलखात येऊन गेला तेव्हा त्याने लिहून ठेवलं की इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत. चहाच्या टपरीवर तो बसला असता तर त्याला एक ओळ वाढवावी लागली असती.

बुधवार

जुन्या गावात. बाबूजी नाईकांचा वाडा, कऱ्हेचा काठ, काशीविश्वेश्वराचं देऊळ. मोरोपंत पन्हाळ्याहून नाईकांच्या आश्रयाला आले आणि १७९४मध्ये जाईपर्यंत याच नदीकाठी आर्या रचत राहिले. त्याआधी १७१८ साली श्रीधरांनी 'शिवलीलामृत' इथेच पुरं केलं. श्रावणात घरोघर वाचली जाणारी ती पोथी कुठे लिहिली गेली हे शाळकरी पोरांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. "मेडिकल कॉलेज बघितलं का?" असं उलट त्यांनीच विचारलं. नदीकाठही आता सुशोभित होतोय. ऊन फार होतं, दुपारी झोप काढली.

गुरुवार, वालचंदनगर

बारामतीहून इंदापूरकडे तुकोबांच्या पालखीचा मार्ग जातो. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्यांचं, मग अंथुर्णे, निमगाव केतकी. आता तोच राष्ट्रीय महामार्ग झाला आहे, रुंद आणि गुळगुळीत. कडेची जुनी झाडं गेली. वारकऱ्याला सावली लागते की चार पदर, याचा निर्णय बहुधा गाडीत बसून झाला.

अंथुर्ण्याहून आत वळलं की वालचंदनगर. मूळचं कळंब. वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी इथल्या माळावर शेती, साखर, यंत्रं असा संसार मांडला. साखर कारखान्यांची यंत्रं करता करता इथले कारागीर इस्रोच्या अग्निबाणांची मोटार-आवरणं करू लागले. वसाहतीत शिरल्यावर पुन्हा चीनच आठवला, पण नवा नव्हे, जुना. तिथे पूर्वी प्रत्येक कारखान्याची 'दानवेई' असे : नोकरी, घर, शाळा, दवाखाना, खानावळ सगळं एकाच भिंतीत. आता तिथली नवी पिढी त्या विटांच्या चाळींसमोर कॉफी पीत फोटो काढते. इथे भिंत नाही, पण एकसारखी घरं, सरळ रस्ते, जुने वृक्ष आणि भोंग्यावर चालणारा दिवस यांची मिजास अजून टिकून आहे. एक निवृत्त फिटरकाका भेटले. "अग्निबाण उडाला की टीव्हीवर शास्त्रज्ञ दिसत्यात. वेल्डिंग कुणाचं, ते आम्हाला म्हायती," असं म्हणून त्यांनी शांतपणे तंबाखू मळली.

वालचंदांचा चीनशी एक धागा आहे. १९३९ साली अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी पडली. हा पॉली चीनमध्ये विमानं जोडण्याचा कारखाना चालवत होता. त्या गप्पांतून १९४०च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली, आजची एचएएल. दोन वर्षांत सरकारने ती ताब्यात घेतली. वालचंदांच्या गावात या गोष्टीचा एखादा फलक असावा म्हणून पाहिलं. माझ्या तरी नजरेस पडला नाही.

शुक्रवार, इंदापूर

बारामतीहून इंदापूरला आलं की आधी आवाज वाढतो. टमटमा, डाळिंबांची क्रेटं, हॉर्न, रस्त्यातच थांबून बोलणारी माणसं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि लगेच नाकावर रुमाल धरावा लागला. हे गाव कुणी आखलेलं नाही. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे याच मातीत पडले. त्यांची गढी आणि चाँदशाहवलींचा दर्गा दोन्ही गावच्या जिभेवर आहेत, पण गढी शोधताना मला चार जणांनी चार दिशा दाखवल्या, चौघंही बरोबर चालत यायला तयार होते. चीनमध्ये चेंगडूत रस्ता विचारला की माणूस फोनवर नकाशा दाखवून निघून जायचा. काम व्हायचं, ओळख व्हायची नाही.

बाजार समितीत मासळीचा लिलाव पाहिला. उजनी धरणातली चिलापी, कटला, मरळ, वांब. बोली इतक्या भरभर की रोजच्या माणसालाच कळावी. चिलापी मूळची आफ्रिकेची. धरणात ती शिरली आणि देशी मासे मागे पडले, असं लिलावातले जुने लोक सांगतात. दुपारी तीच चिलापी तिखट रश्शात खाल्ली आणि तक्रार विसरले.

शनिवार, पळसदेव आणि कळाशी

सोलापूर रस्त्यावरून पळसदेव. भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पुरं झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पाण्याखाली गेलेल्या गावांत जुनं पळसदेव होतं. पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ अजून तिथेच उभं आहे. देव वर नव्या देवळात आणला, घर पाण्यात राहिलं. पाणी उतरलं की आधी शिखर दिसतं, मे महिन्यात कधी पायऱ्यांपर्यंत जाता येतं. आज फक्त शिखर. नावाडी पर्यटकांना दाखवायला नेतात.

हांगझोऊजवळ छिआनताओ सरोवर आहे. १९५९ साली शिनआन नदीवरच्या धरणाने शीछंग नावाचं जुनं, तटबंदीचं शहर बुडवलं. लाखांनी माणसं उठली. आज तिकडे 'हजार बेटांचं सरोवर' म्हणून हॉटेलं आहेत, बाटलीबंद पाणी आहे, बुडालेल्या शहराची दगडी नक्षी जाहिरातीत आहे. उठलेली माणसं कुठे गेली असं मी बोटीवरच्या मुलीला विचारलं तर तिने हसून बेटांची संख्या सांगितली. पळसदेवला हाच प्रश्न केला तेव्हा नावाडी वल्हं थांबवून म्हणाला, "माझ्या बापाची जमीन त्या शिखराच्या डाव्या अंगाला. नांगरट दाखवू का?" आणि त्याने पाण्याकडे बोट दाखवून बांध, विहीर, चिंच, एकेक सांगितलं. त्याचा जन्म धरणानंतरचा आहे.

भिगवणकडे कुंभारगावला रोहित पक्षी अजून होते. पट्टकदंब हंस मात्र परतीला लागले, हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाच्या तळ्यांकडे. त्यांना व्हिसा लागत नाही हा विनोद नावाड्याने केला. तो सगळ्याच पर्यटकांना करत असणार.

दिवस उरला म्हणून कळाशीच्या काठावर गेले. समोर करमाळ्याचं कुगाव, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं इतकं जवळ, आणि रस्त्याने जायचं तर भलाथोरला वळसा. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळच्या वादळात कुगावहून इकडे येणारी बोट उलटली. सहा माणसं गेली, त्यांत लहान मुलंही. पलीकडच्या गावाला शिरसोडीहून पूल मंजूर झाला आहे. काठावर गवताचा भारा घेऊन बसलेल्या मावशींना विचारलं, आता बोटीत बसायची भीती वाटत नाही का?

"वाटती की. पर लेक पलीकडं दिलीया," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुनाकडं आलाय?"

कुणाकडे नाही, फिरायला आलेय, असं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. उद्या नीरा-नरसिंगपूर. नीरा-भीमेच्या संगमाकडे जाणारी गाडी सकाळी आहे.